काही विशेष नाही

आमच्या घराण्यात पत्राची सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरलेले असत. मधला मजकूर तेवढा लिहायचा राहून जाई. ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे’ ही सुरुवात, आणि ‘बाकी काही विशेष नाही’ हा शेवट. एवढ्यात पंधरा पैशांचं कार्ड भरायचं. उरलेल्या जागेत मोठ्यांस नमस्कार आणि लहानांस आशीर्वाद, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताळेबंद जुळला.

खरोखरच काही विशेष असलं तर कार्ड येत नसे, तार येई. तारेला शब्दागणिक पैसे, त्यामुळे साध्या बातमीसाठी कोणी तार करत नसे. गल्लीच्या तोंडाशी तारवाला दिसला की बायका आधी रडून घेत आणि मग तार कोणाला आली ते विचारत. तार ‘मुलगा झाला’ची निघाली, तर झालेलं रडणं आनंदाश्रूंच्या खात्यावर वर्ग केलं जाई. कार्डाचा कोपरा फाडलेला असला, तर मजकूर वाचण्याचीही गरज नसे. पुढे मोबाईल आले आणि इनकमिंगलाही पैसे पडायचे, तेव्हा आम्ही मिस्ड कॉल शोधून काढला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे गाडी चुकली. तीन रिंगांचा अर्थ घरात प्रत्येकाने वेगळा लावला होता, म्हणून तीन कोणी देत नसे.

जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. आता बोलणं जवळजवळ फुकट झालं आहे. तरी आमचा शेवट तोच: ‘बाकी काही विशेष नाही.’ या वाक्यात इतकी वर्षं मला काहीच गैर वाटलं नव्हतं. गेल्या वैशाखात वाटलं.

माझे वडील, म्हणजे नाना, रेल्वेतून सहायक स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी भुसावळ विभागात. आता आमच्याकडे बोदवडला असतात. वैशाखात आमच्याकडे ऊन असं पडतं, की दुपारी रस्त्यावर दिसणारा माणूस एक तर पाहुणा असतो किंवा बँकेचा थकबाकीदार तरी. अशा एका सकाळी नाना चहाचा कप उचलायला गेले आणि कप उचललाच गेला नाही. तोंड किंचित वाकडं झालं. हिने आरडाओरडा केला, शेजारचा पोरगा गाडी घेऊन आला, आणि आम्ही नानांना भुसावळला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सौम्य झटका आहे, वेळेवर आणलंत. चार दिवसांनी नाना घरी आले. उजवा हात जरा अशक्त, चालणं जरा हळू, आणि बोलण्यात ‘श’ आणि ‘ष’ यांचा ‘स’ झालेला. जन्मभर शुद्ध बोलणारा माणूस ‘शेवभाजी’ला ‘सेवभाजी’ म्हणू लागला.

माझी थोरली बहीण नाशिकला असते. तिच्या मुलीचं लग्न ठरायच्या बेतात होतं, त्याच आठवड्यात मुलाकडची मंडळी यायची होती. मी विचार केला: आता कळवलं तर ताई सगळं टाकून धावत येईल. येऊन करणार काय? शिवाय नानांनीच खाटेवरून डावा हात हलवून सांगितलं, ‘तिला कळवू नको.’ वडिलांची आज्ञा आणि आपली सोय एकाच दिशेला जात असली, की माणूस फार आज्ञाधारक होतो. मी झालो.

पाचव्या दिवशी वाटलं, आता नाना घरी आलेच आहेत, आता काय सांगायचं? सातव्या दिवशी पाहुण्यांचा कार्यक्रम पार पडला, तर ताई इतकी आनंदात होती की बोलवेना. नवव्या दिवशी नाना भिंत धरून ओट्यापर्यंत आले. कालच्यापेक्षा आज बरे होते. मग कळवण्यासारखं काय उरलं? असं करता करता अकरा दिवस झाले.

या अकरा दिवसांत ताईचे फोन येतच होते. मी दर वेळी म्हणायचो, ‘बाकी काही विशेष नाही.’ नानांना फोन दिला की ते ‘हं’ आणि ‘हो’ एवढंच म्हणायचे, कारण त्यात ‘श’ येत नाही. ताई तिकडे त्यांच्यासाठी खोली रिकामी करत होती. लग्नाच्या तयारीला नानांनी महिनाभर येऊन राहावं असा तिचा बेत. तिने त्यांना धोतरजोडी घेतली, परतीचं तिकीट कोणत्या तारखेचं काढू म्हणून विचारलं. दहाव्या दिवशी ती नानांवर चक्क चिडली. ‘नातीचं लग्न ठरलं आणि तुम्ही नुसतं हं हं करताय? दोन शब्द बोलवत नाहीत का तुम्हाला?’

नानांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मात्र मी कळवलं.

ताई दुसऱ्या दिवशी भुसावळपर्यंत गाडीने आणि पुढे मिळेल त्या वाहनाने आली. मी खुलासा तयार ठेवला होता, मुद्देसूद, अगदी बँकेच्या इन्स्पेक्शनला देतात तसा. तिने तो ऐकूनच घेतला नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता एवढंच म्हणाली, ‘अरे, नाना आजारी पडले, माणूस आहे, पडायचंच. पण अकरा दिवस मी बोलत कोणाशी होते, ते सांग मला.’

या प्रश्नाला बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं. मिळालं ते ताईच्याच थोरल्या मुलाकडून.

हा माझा भाचा मुंबईला पीएच.डी. करतो. त्यालाही आम्ही काही कळवलं नव्हतं, त्याचा अभ्यास बुडेल म्हणून. तो आला, नानांजवळ बसला आणि रात्री ओट्यावर मला म्हणाला, ‘मामा, तुम्ही जे केलंत ना, तोच माझा विषय आहे.’ मी घाबरलो. आपल्या वागण्यावर कोणी पीएच.डी. करावी इतकं ते वाईट असेल असं वाटलं नव्हतं. प्रबंधाचं नाव त्याने सांगितलं ते आमच्या फॉर्मच्या रकान्यात मावलं नसतं. मराठीत साधारण असं: जाळ्यात जोडलेल्या पुष्कळ एजंटांचं, घटना घडेल तेव्हाच निरोप देऊन आणि पुढचा अंदाज बांधून केलेलं नियंत्रण. एजंट म्हटल्यावर मला बोदवडातले विम्याचे आणि पिग्मीचे आठवले. त्यांचं नियंत्रण कोणी करू शकेल तर त्याला पीएच.डी. काय, भारतरत्न द्यायला हरकत नाही. पण हे एजंट म्हणजे ड्रोन, गोदामातल्या चालत्या गाड्या, वीजजाळ्यातले छोटे उत्पादक, अशी मंडळी.

‘समजा,’ भाचा म्हणाला, ‘पन्नास ड्रोन एकत्र उडताहेत. वर साहेब कोणी नाही. प्रत्येकाला आपली बॅटरी, आपलं डोकं, आणि बोलायला जवळचे दोन-चार शेजारी. जुनी पद्धत अशी की दर क्षणाला प्रत्येकाने सांगायचं, मी इथे आहे, मी इथे आहे.’

‘आमच्या वाड्याच्या ग्रुपवर सकाळी गुड मॉर्निंग येतात तसं.’

‘तसंच. त्यात बॅटरी जाते, आणि गर्दीत ज्याचं खरोखर बिघडलंय त्याचाच निरोप अडकतो. म्हणून नवी पद्धत. प्रत्येकाने पुढच्या थोड्या वेळाचा बेत आखायचा, तो शेजाऱ्यांना एकदा सांगायचा, आणि गप्प बसायचं. शेजारी तो बेत खरा धरून आपापलं काम करतात. जोवर मी सांगितल्याप्रमाणे चाललोय तोवर बोलायची गरज नाही. फरक ठरल्या मर्यादेबाहेर गेला की लगेच कळवायचं. मग सगळे नव्याने बेत आखतात.’

हे मला पंगतीवरून चटकन कळलं. वरण-बट्टीच्या पंगतीत दोन जातीचे वाढपी असतात. एक दर दोन मिनिटांनी येऊन ‘तूप? तूप?’ करतो, पान भरलेलं असो की रिकामं. दुसरा लांबून पानं बघत उभा असतो. कोणाची बट्टी कोरडी दिसली की त्याच पानावर धार धरतो. भाचा म्हणाला, १९९९ साली स्वीडनमधल्या कार्ल ओस्ट्रम आणि बो बर्नहार्डसन या दोघांनी हिशेब करून दाखवलं, की एका साध्या उदाहरणात सरासरी तितक्याच खेपा घालून दुसऱ्या पद्धतीत विचलनाच्या वर्गाची सरासरी एक-तृतीयांशावर येते. आमच्याकडचे वाढपी हे १९९९ च्या पुष्कळ आधीपासून जाणून आहेत, पण त्यांनी ते कुठे छापलं नाही.

पुढचा अंदाज बांधून वागण्याची युक्ती तर मला नवी नव्हतीच. तेल शुद्ध करण्याच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत ती १९७० नंतरच्या दशकात आली. शेल कंपनीच्या इंजिनियरांनी १९७९ मध्ये ती जाहीरपणे मांडली. युक्ती अशी: पुढच्या पुष्कळ पावलांचा बेत आखायचा, त्यातलं पहिलंच पाऊल टाकायचं, मग काय झालं ते पाहून पुन्हा पुढचा सगळा बेत नव्याने आखायचा. आमची ही दर महिन्याला हेच करते. एक तारखेला तीस दिवसांचं बजेट मांडते, त्यातला एक दिवस त्याप्रमाणे जातो, दोन तारखेला माझी बहीण नाहीतर तिचा भाऊ उगवतो, आणि उरलेल्या एकोणतीस दिवसांचं बजेट पुन्हा पहिल्यापासून. वीस वर्षांत एकही बेत पूर्ण पार पडलेला नाही आणि घर मात्र चाललेलं आहे.

‘मग माझं चुकलं कुठे?’ मी विचारलं. ‘घटना घडली तर कळवायचं. मी तर रोज बघत होतो. रोज कालच्याइतकंच होतं, नाहीतर जरा बरं.’

‘इथेच,’ भाचा म्हणाला. ‘तुम्ही आजची तुलना कालशी करत होता. ती करायचीच नाही. तुलना करायची ती शेवटचं काय *सांगितलं* त्याच्याशी. प्रत्येक एजंटाजवळ दोन नोंदी असतात. एक, आपण खरे कुठे आहोत. दुसरी, शेजाऱ्यांच्या मते आपण कुठे आहोत. कळवायची वेळ झाली की नाही हे या दोन नोंदींतल्या फरकावरून ठरतं.’

आणि मला लख्ख दिसलं. हे तर पासबुक! लेजरमध्ये रोज व्यवहार होत असतात, पण खातेदार विश्वासाने चालतो तो त्याच्या हातातल्या पासबुकावर. लेजर कालच्यापेक्षा आज शंभर रुपयांनीच कमी झालं, यात कळवण्यासारखं काय, असं म्हणणारा कारकून अकरा दिवसांनी गोत्यात येतो, कारण पासबुकात अकरा दिवसांपूर्वीचा आकडा असतो आणि खातेदाराने त्यावर चेक फाडलेला असतो. ताईच्या पासबुकात धडधाकट नाना जमा होते. त्या शिलकीवर तिने खोली रिकामी केली, धोतरजोडी घेतली, आणि हक्काने रागावलीसुद्धा. तिचा राग खोटा नव्हता. मी तिला ज्या खात्यावर चेक लिहू दिला, त्यात पैसे नव्हते.

मी आजवर समजत होतो, की कळवावं की नाही हे बातमीच्या आकारावर ठरतं: मोठी असली तर कळवावी, लहान असली तर सोडून द्यावी. ते चूक आहे. गल्लीतल्या कोणाला तरी मोठा अपघात झाला तर ताईला त्याच रात्री कळवण्याचं माझ्यावर बंधन नाही; त्याच्यावर तिचा कोणताच बेत उभा नाही. पण नानांच्या तोंडातला एक ‘श’ गेला, ही गोष्ट तिला त्याच संध्याकाळी कळायला हवी होती, कारण तिच्या मनातले नाना अजून ‘श’ म्हणत होते.

जबाबदारीचं म्हणाल तर आमच्या धंद्यात तिचेही दिवस मोजलेले आहेत. खात्यातून कोणी परस्पर पैसे काढले तर किती दिवसांत कळवायचं, हे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली एका परिपत्रकात ठरवून दिलं. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्यानेच लबाडी केली, अशा वेळी निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा शून्य. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित. सात दिवसांच्या पुढे गेलं तर ज्या त्या बँकेच्या संचालक मंडळाच्या धोरणाप्रमाणे. हे परिपत्रक मी काउंटरवर शेकडो लोकांना समजावून सांगितलं आहे. माझं प्रकरण अकरा दिवसांचं. म्हणजे मंडळाच्या धोरणाप्रमाणे. आणि आमच्या घरात मंडळ म्हणजे ताई.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, शिंक आली तरी कळवायची? तर तसंही नाही. आमच्या शेजारच्या काकू नातू पहिल्या दिवशी बालवाडीत गेला तेव्हा त्याच्या पुण्याच्या आत्याला कळवत होत्या: निघाला, रडला, थांबला, पुन्हा रडला, शी म्हणाला, नाही झाली. नातू फाटकापर्यंत पोचायच्या आत आत्याने फोन बंद करून ठेवला. हा दोष भाच्याच्या शास्त्रातही आहे. मर्यादा फार बारीक ठेवली तर थोडक्या वेळात निरोपांची संख्या अनंताकडे जाते. झेनो नावाच्या प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नावाने तो ओळखला जातो. २००७ साली पाउलो ताबुआदा यांनी निरोपाचा असा एक नियम दिला, की त्यात दोन निरोपांच्या मध्ये किमान काही अंतर राहतंच, आणि ते त्यांनी गणिताने सिद्ध केलं. काकूंना ते कोणी सिद्ध करून दाखवायला हवं.

पण मर्यादा ठरवायची कोणी? नानांनी सांगितलं ‘कळवू नको’. आजार त्यांचा, बातमी त्यांची. त्यांचा काही हक्क नाही का? आजारी माणसाला आपलं आजारपण झाकण्याचा हक्क आहे, हे मला अजून पटतं. पण मी त्यांच्या आज्ञेने नुसता गप्प बसलो नव्हतो. मी ‘काही विशेष नाही’ असं रोज म्हणत होतो. गप्प बसण्याची परवानगी नानांनी दिली होती, खोटी नोंद करायची नव्हे.

हे मी नानांपुढेच मांडलं. ते खाटेवर बसून कळण्याची भाकरी डाव्या हाताने मोडत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सावकाश, एकेक शब्द वेचत, त्यांनी सिग्नलची गोष्ट सांगितली. त्यांच्या उमेदीच्या काळात खांबावरचा हात खाली पडला म्हणजे गाडीने यावं, आणि आडवा असला म्हणजे थांबावं. तो हात केबिनमधून तारेने ओढत. आता तार तुटली तर? तर वजनाच्या जोराने हात आपोआप आडवा होतो. म्हणजे निरोप तुटला की गाडी थांबते. दोन स्टेशनांमधला रूळही तसाच. पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय तो बंदच धरायचा. पुढचा मास्तर गप्प आहे म्हणजे रस्ता मोकळाच असेल, असं रेल्वेत कोणी धरत नाही.

‘घरात उलटं,’ नाना म्हणाले. ‘घरात गप्प म्हणजे बरं आहे.’ थोडं थांबून म्हणाले, ‘मी चाळीस वर्सं एक पाळलं आणि तुला दुसरंच सांगितलं.’

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की रेल्वेचा नियम घरात चालणार नाही. प्रत्येक गप्प बसण्याला धोका धरला तर भावाबहिणींना दुसरं काही कामच उरणार नाही. घर चालतं ते ‘काही झालं तर कळवतील’ या भरवशावर. पण तो भरवसा फुकट मिळत नाही. माझ्या गप्प बसण्याला ‘सगळं ठीक’ असा अर्थ आहे तो केवळ, काही बिघडलं तेव्हा मी नक्की बोलतो म्हणून. एकदा न बोललो, की मागची आणि पुढची सगळी शांतता संशयित. ताई आता विचारते, ‘खरंच काही विशेष नाही ना?’ या ‘खरंच’चा खर्च माझ्या नावे पडलेला आहे आणि तो किती वर्षांत फिटेल ते ठाऊक नाही. भाचा म्हणतो, त्यांच्याकडेही ज्याचा निरोप वाटेत हरवू शकतो अशा जाळ्यात, काही घडलं नाही तरी ठरल्या वेळी एक ‘आहे’ म्हणायला लावतात. म्हणजे मौन कोणाचं आणि तुटलेली तार कोणती, ते वेगळं कळतं.

तसं आता आमच्याकडे सुरू आहे. रोज रात्री नऊला फोन. ताईचा दंडक असा की बोलायचं नानांनी, मी नाही. आणि नानांनी तोच शेवट म्हणायचा. त्यात ‘श’ही आहे आणि ‘ष’ही. पहिल्या दिवशी ‘काही विसेस नाही’ आलं. नाना लाजले. ताई म्हणाली, ‘चालेल. कळलं.’ महिनाभर विसेसच येत होतं. ताई लग्नाची खरेदी, मानपान, कोण रुसलं, सगळं सांगायची आणि शेवटी त्या एका शब्दासाठी थांबायची.

परवा नऊला नाना बोलत होते. मी बाजूला दिवसाचा हिशेब लिहीत बसलो होतो. बोलता बोलता ते नेहमीसारखं म्हणाले, ‘बाकी काही विशेष नाही.’

पलीकडे एकदम शांत झालं. मला वाटलं, लाईन गेली. मग ताईचा आवाज आला, ‘नाना, परत म्हणा बरं.’